कुलदोषाचा नवा अवतार

पत्रिका जुळविणारी आमची सुशिक्षित मंडळी आतां जनुकांची भाषा बोलूं लागली आहे. हडपसरांत, जेथें कालपर्यंत शेतें होतीं आणि आज मगरपट्ट्याचे मनोरे उभे आहेत, तेथेंहि स्थळ पाहतांना 'घराण्यांत कोणास वेड नाहीं ना?' ही चौकशी हलक्या आवाजांत होतेच. मात्र 'कुलदोष' या जुन्या शब्दाच्या जागीं 'जेनेटिक' हा नवा शब्द आला आहे. या पूर्वग्रहास शास्त्राचा आधार आहे असें मानणारांनीं शास्त्र काय म्हणतें तें एकदां ऐकावें.

व्हिएतनाम युद्धकाळांत अमेरिकन सैन्यांत असलेल्या जुळ्या भावांच्या ४,०४२ जोड्या तपासून १९९३ सालीं असें दाखविण्यांत आलें, कीं आघातोत्तर विकाराच्या लक्षणांतील सुमारें तृतीयांश भेद आनुवंशिक असतो. २०२४ सालीं बारा लाखांहून अधिक लोकांच्या तपासणींत या विकाराशीं संबद्ध अशीं ९५ जनुकीय स्थानें आढळलीं. प्रत्येकाचा परिणाम अगदीं अल्प; आणि त्यांतील बराच वांटा विषादादि इतर मनोविकारांशीं सामाइक! म्हणजे ज्या घरांत 'जरा उदास असतात' एवढेंच म्हणून विषय मिटवितात आणि ज्या घरास 'वेड्यांचें घर' म्हणून वाळींत टाकतात, त्या दोहोंच्या दोषांचीं मुळें बऱ्याच अंशीं एकच आहेत. मग कोणीं कोणाकडे बोट दाखवावें?

कोणाच्या वांट्यास हा धोका अधिक येतो, हें खरें. परंतु धोका म्हणजे रोग नव्हे; आणि आघातावांचून हा विकार जडतच नाहीं. हडपसरांतून जाणारा सोलापूर रस्ता पुढें उमरग्यावरून किल्लारीच्या बाजूस जातो. तेथें ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानें हजारों माणसें गाडलीं गेलीं. वांचलेल्यांपैकीं ज्यांचें मन मोडलें, त्यांस 'मुळांतच कच्चे' म्हणणें हें शास्त्र नव्हे, निष्ठुरता होय. शिवाय हें संशोधन बहुतांशीं युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेलें. त्यावरून मराठी मुलीचें भवितव्य वर्तविणें म्हणजे पुन्हा ज्योतिषच!

या चौकशीचें फळ एकच: घरोघर लपवालपवी. जें लपवावयाचें त्यावर उपचार होत नाहींत. २०१७ च्या कायद्यानें मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. पण शेजाऱ्याच्या भीतीनें तो हक्क उंबऱ्याआंतच अडकून पडतो. म्हणून वधूवरांच्या वडीलधाऱ्यांनीं प्रश्नच बदलावा. 'घराण्यांत वेड आहे काय?' असें न विचारतां, 'कोणी आजारी पडल्यास त्याला उघडपणें डॉक्टरांकडे नेतां काय?' असें विचारावें. कुळाची खरी परीक्षा त्या उत्तरांत आहे.