तारा कोणाच्या मालकीच्या?

यंत्र कोणाच्या बाजूने उभे राहते हे त्याच्या घडणीइतकेच त्याच्या मालकीवरही अवलंबून असते. संगणकाच्या बाबतीत हे सूत्र भारतातील चळवळींच्या ध्यानी उशिरा आले. १९८०च्या दशकात येथील बँक व विमा कर्मचाऱ्यांच्या संघटना संगणकाकडे नोकऱ्या गिळणारे यंत्र म्हणून पाहत होत्या. ती भीती निराधार नव्हती. परंतु त्याच सुमारास ब्राझीलमध्ये हेच यंत्र लोकांच्या बाजूला खेचण्याचा प्रयत्न सुरू झाला होता.

लष्करी राजवटीमुळे परागंदा झालेले समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट डी सूझा १९७९ साली मायदेशी परतले. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘इबासे’ ही संस्था स्थापली. सरकारी धोरणे व आकडेवारी सामान्यांना उमजतील अशा रूपात मांडणे हे तिचे कार्य. १९८९ साली याच संस्थेने ‘अल्टरनेक्स’ हे संगणकजाळे उभारले. लंडनचे ‘ग्रीननेट’, अमेरिकेतील ‘पीसनेट’ व ‘इकोनेट’, तसेच कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया आणि निकाराग्वा येथील अशाच जाळ्यांसह १९९० साली ‘असोसिएशन फॉर प्रोग्रेसिव्ह कम्युनिकेशन्स’ हा ना-नफा संघ जन्मास आला. साधने साधीच होती. साठलेले निरोप एक केंद्र दुसऱ्यास फोन लावून एकगठ्ठा पोचवी. साहजिकच परदेशी फोनचा न परवडणारा खर्च अनेक संघटनांत विभागला जाई. १९९२च्या रिओ वसुंधरा परिषदेत नागरी संघटनांच्या दळणवळणाचा भार याच जाळ्याने वाहिला.

त्याची खरी कसोटी युगोस्लाव्हियात लागली. युद्धामुळे क्रोएशिया व सर्बिया यांच्यातील फोन तुटले असता, १९९२ पासून ‘झामिर’ म्हणजे ‘शांततेसाठी’ या नावाच्या जाळ्याने झाग्रेब व बेलग्रेड येथील युद्धविरोधकांचे निरोप तिसऱ्या देशामार्गे एकमेकांस पोचविले. दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना शत्रुत्व हवे होते. नागरिकांनी संवाद राखला.

पुढे व्यापारी इंटरनेट आले आणि यांतील अनेक जाळी मागे पडली. आज आपल्याकडील मोर्चाची हाक, सभासदांच्या याद्या, बैठकांची टिपणे हे सारे व्हॉट्सॲपवर, म्हणजे एका परदेशी कंपनीच्या मर्जीवर चालते. दुसरीकडे, सरकारची मर्जी फिरली की तारच मुकी होते. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरने आणि जानेवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवरील शेतकऱ्यांनी हे अनुभवले.

जनता जिथे आहे तिथे कार्यकर्त्याने गेलेच पाहिजे. त्यामुळे कंपन्यांच्या माध्यमांवर बहिष्कार घालणे शहाणपणाचे नव्हे. परंतु बाजारात भाषण करावयास जाणे वेगळे आणि संघटनेचे दप्तर सावकाराच्या तिजोरीत ठेवणे वेगळे. ज्या महाराष्ट्राने साखर कारखाने, दूध संघ व पतसंस्था सहकारातून उभ्या केल्या, तेथील कामगार संघटना, जनआंदोलने व ग्रंथालये यांना वर्गणीवर चालणारा, सभासदांच्या नियंत्रणाखालील सामायिक सर्व्हर उभारणे अशक्य नाही. सहकाराचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. म्हणूनच हिशेब खुले आणि पदे फिरती ठेवण्याची अट पहिल्या दिवसापासून हवी.

मुक्त मोडेमच्या कर्कश आवाजात ज्यांनी सीमा ओलांडल्या त्यांच्याकडे साधने तुटपुंजी होती, निर्धार मात्र स्पष्ट होता. आज साधने विपुल आहेत. उणीव आहे ती मालकीच्या प्रश्नाकडे राजकीय प्रश्न म्हणून पाहण्याची. आणि ती चळवळीनेच भरून काढावयाची आहे.