लहान चणीची बाई आणि लहान पिस्तूल



गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे दीड महिना ह्यूस्टनला भाचीकडे राहिलो. तिथली हवा, मशिदी, बाजार यांवर नंतर कधी तरी लिहू. आज लिहायचे आहे ते एका खरेदीबद्दल. परतल्यापासून तीन घरांतून आम्हाला हाच प्रश्न आला. तिन्ही घरांची मुलगी किंवा सून अमेरिकेत आहे, आणि तिघींनाही तिथे पिस्तूल घ्यायचे आहे.

आम्हाला ही गोष्ट कळली तीच खेडवरून. इशाची नमाज आटोपून आम्ही जेवायला बसलो होतो, तिकडे सकाळचे सात वाजले असतील. आपांचा फोन आला. "तू मामू आहेस ना तिचा? मग समजाव. पोरगी पिस्तूल घेणाराय म्हणते. आपल्या सात पिढ्यांत कुणी बंदूक हातात धरली नाही." हे काही खरे नव्हे. आमच्या आजोबांकडे शेतात डुकरे येत म्हणून ठासणीची बंदूक होती आणि तिचा परवानाही होता. पण त्या वेळी आपांना हे सांगण्यात अर्थ नव्हता.

भाची रुग्णालयात नर्स आहे. उंची चार फूट अकरा इंच, वजन पंचेचाळीस किलो. ड्यूटी रात्री साडेअकराला सुटते आणि गाडी पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर असते. जावई समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर कामाला, चौदा दिवस तिकडे आणि चौदा दिवस घरी. घरात वयस्क सासू आणि तीन वर्षांचा मुलगा. मागच्या पावसाळ्यात एक माणूस पार्किंगमध्ये दोन रात्री तिच्या मागे मागे चालत आला. काही केले नाही, नुसता चालत आला. तेव्हापासून डोक्यावर हिजाब असलेली एकटी बाई म्हणून आपण लांबूनच ओळखू येतो, हे तिच्या मनातून जात नाही. आम्ही "काही होत नाही गं" म्हणून पाहिले. ती म्हणाली, "मामू, तुम्ही एकदा रात्री साडेअकराला माझ्याबरोबर चाला, मग बोला." आम्ही चाललो. नंतर बोललो नाही.

आधी कायद्याचे सांगतो, कारण आपल्या मुलांना नेमके हेच माहीत नसते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-वन-बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण कुणीतरी मित्र सांगतो म्हणून त्यांच्या भरवशावर जाऊ नये, वकिलाला विचारावे. दुकानात 4473 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात खोटे लिहिणे हा गंभीर गुन्हा आहे. एका खोट्या टिकमार्कपायी नोकरी, व्हिसा आणि मुलांची शाळा सगळे जाऊ शकते. भाचीकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून तिला घेता येत होते. आम्ही पर्यटक. त्यामुळे दुकानात आणि रेंजवर आम्ही दोघांनी कशालाही हात लावला नाही, काचेमागे उभे राहून पाहिले. एकवीस वर्षांवरच्या आणि शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्या माणसाला टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर बाळगता येते. तरी भाचीने परवान्याचा वर्ग केलाच, आणि आमच्या मते त्या सगळ्या खर्चात तेवढेच पैसे खरे कारणी लागले. चार ते सहा तासांचे शिक्षण, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा. अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण लागतात. तिला दोनशे अकरा मिळाले.

आता दुकान. काउंटरवरच्या माणसाने भाचीकडे एकदा वरून खाली पाहिले आणि काही न विचारता जांभळ्या मुठीचे एक छोटेसे रिव्हॉल्वर पुढे ठेवले. बाई लहान, म्हणून पिस्तूल लहान. आम्हालाही ते पटले, खोटे का बोला. पर्समध्ये राहील, वजन काही नाही. ते भाड्याने घेऊन ती शेजारच्या रेंजवर गेली. पाच गोळ्या झाडल्या. बाहेर आली तेव्हा अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली होती आणि कागदावर एकच भोक होते, तेही कोपऱ्यात. पुन्हा हातात घ्यायला ती तयार नव्हती.

का, ते तिच्या वर्गाच्या शिक्षिकेने समजावले. साठीच्या बाई, निवृत्त पोलीस, उंचीला भाचीपेक्षा दोन बोटेच जास्त. काडतूस तेच असेल तर पिस्तूल जितके हलके तितका हाताला धक्का जास्त. वजन धक्का पिऊन टाकते. स्मिथ अँड वेसनचे 642 हे पाच गोळ्यांचे प्रसिद्ध रिव्हॉल्वर चारशे ग्रॅमच्या आसपास आहे. मध्यम आकाराचे ग्लॉक 19 रिकामे असताना पावणेसातशेच्या घरात जाते. खिशात पहिले बरे, पण झाडताना दुसरे सोसते. शिवाय छोट्या मुठीवर दोनच बोटे बसतात आणि करंगळी हवेत राहते. त्यातून अशा रिव्हॉल्वरचा चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो, म्हणजे पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त. नाजूक बोटाने तो ओढताना नळी डोलते आणि गोळी भलतीकडे जाते. अनुभवी माणसाला हे हत्यार जमते. नवख्या, लहान हाताच्या बाईला ते सर्वात अवघड, आणि नेमके तिलाच ते विकले जाते.

आपल्याकडेही हेच झाले आहे. दिल्लीच्या 2012 च्या त्या प्रकरणानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 मध्ये खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर काढले. अर्धा किलो वजन, .32 चे काडतूस, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. त्यात धक्का इतका नसतो, हे मान्य. पण बाईसाठी हत्यार म्हणजे हलके आणि पर्समध्ये मावणारे, हा विचार तिथेही तोच.

मग निवडायचे कसे? शिक्षिकेने आधी भाचीचा हात पाहिला. रिकामे पिस्तूल मुठीत असे धरायचे की नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. त्या स्थितीत तर्जनीचे पहिले पेर चापावर आरामात पोहोचले पाहिजे. त्यासाठी मनगट वळवावे लागत असेल तर ते पिस्तूल आपले नाही, मग ते कितीही नावाजलेले असो. पुष्कळ नव्या पिस्तुलांना मुठीच्या मागचा तुकडा बदलता येतो, तो लहान लावून पाहावा. चपलेसारखेच आहे हे, दुसऱ्याच्या मापाची चालत नाही. जावयाने फलाटावरून फोटो पाठवून "हे घे" म्हटले होते. ते तिच्या मुठीत मावेना.

दुसरी अडचण स्लाइडची. सेल्फ-लोडिंग पिस्तुलात पहिली गोळी नळीत चढवायला वरचा लोखंडी भाग मागे खेचावा लागतो. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग बहुधा जास्त ताठ असते. भाचीने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून खेचले, ते हललेच नाही. डोळ्यांत पाणी आले तिच्या. शिक्षिका म्हणाल्या, चिमटीने नाही, पूर्ण पंजाने वरून धर, पिस्तूल छातीजवळ आण, नळी समोर निशाणाकडे ठेव, आणि स्लाइड मागे खेचण्यापेक्षा मूठ पुढे ढकल. तिसऱ्या खेपेला जमले. आमच्या घरातून काचेमागून "माशाअल्लाह" इतक्या मोठ्याने आले की दोन माणसांनी वळून पाहिले.

ज्यांना तेही जमत नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम मऊ स्प्रिंगची पिस्तुले निघाली आहेत. स्मिथ अँड वेसनने 2018 मध्ये शील्ड ईझी हे .380 काडतुसाचे काढले, पुढे 9 मिलिमीटरमध्येही आणले. बेरेटाच्या काही छोट्या पिस्तुलांत नळीचे मागचे टोक कळ दाबताच वर उघडते, त्यात गोळी ठेवून बंद केले की काम झाले, स्लाइड ओढायची गरजच नाही. काडतुसाबद्दलही दोन शब्द. .380 आणि 9 मिलिमीटर यांच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच. पण पहिल्याचे कवच 17 मिलिमीटर लांब, दुसऱ्याचे 19, त्यामुळे पहिल्यात दारू कमी, जोर कमी आणि धक्काही कमी. दुकानदार 9 चाच आग्रह धरतात. शिक्षिकेचे मत वेगळे होते, आणि आम्हाला ते पटले. दर पंधरा दिवसांनी सराव करावासा वाटेल असे पिस्तूल घ्या. हात दुखतो म्हणून कपाटात पडून राहणारे घेऊ नका. मात्र .380 ची काडतुसे बहुधा महाग पडतात, तो हिशेबही धरावा. भाचीने तीन दिवसांत सहा पिस्तुले भाड्याने झाडून पाहिली आणि शेवटी शील्ड ईझीच, .380 चे, सव्वापाचशे ग्रॅमचे घेतले.

कपड्यांचा प्रश्न मात्र कुठल्याच दुकानात नीट सुटला नाही. सगळी म्याने पुरुषांच्या जाड पट्ट्यासाठी बनलेली. बाईची कंबर आखूड, नितंब रुंद, त्यामुळे कमरेला लावले की मूठ बरगडीत टोचते. वर भाचीचा अबाया. त्याखालून हत्यार काढायचे तर एका हाताने तो पुरता वर उचलावा लागतो. रिकाम्या पिस्तुलावर घड्याळ लावून पाहिले, तिला सात सेकंद लागले. पोटाला बांधायचा रुंद पट्टा मिळतो, तो तिने घेतला, पण त्यात चाप पूर्ण झाकणारे कडक कवच हवे. नुसत्या कापडातून चाप दाबला जाऊ शकतो.

"मग पर्समध्येच ठेवते," ती म्हणाली. यावर शिक्षिका पहिल्यांदा कडक झाल्या. डिसेंबर 2014 मध्ये आयडाहो राज्यातल्या हेडन गावी एक तरुण आई सुपरबाजारात खरेदी करत होती. दोन वर्षांचा मुलगा ट्रॉलीत बसलेला, बाजूला पर्स. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती, वेगळा चेनचा कप्पा असलेली. मुलाने कप्प्यात हात घातला आणि आई जागच्या जागी गेली. ती बाई हत्यार वापरण्यात तरबेज होती. भाचीने मांडीवरच्या मुलाकडे पाहिले आणि पर्सचा विषय तिथेच संपला. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे निष्काळजीपणे ठेवणे हा गुन्हाही आहे. बोटांच्या खुणांवर उघडणारी तिजोरी पिस्तुलाआधी घरात आली, ती भिंतीत बसवेपर्यंत आम्ही पिस्तूल घरात येऊ दिले नाही. मामूपणा गाजवला तो एवढाच.

आणखी एक गोष्ट जड जाते, पण लिहितो. 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पिस्तूलधारकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिस्तूल नसलेल्या बायकांच्या तुलनेत पिस्तूल असलेल्या बायकांचा स्वतःच्याच गोळीने मृत्यू होण्याचे प्रमाण सुमारे पस्तीस पट निघाले. घरात कुणाचे मन खचलेले असेल, बाळंतपणानंतरचे दिवस असतील, नवरा हात उचलणारा असेल, तर त्या घरात हत्यार आणू नये. आम्ही भाचीला सरळ विचारले. तिनेही सरळ उत्तर दिले. असे विचारायला लाजू नका.

आणि मग, सगळे झाल्यावर, जे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते ते आमच्या घरातून विचारले गेले. "अगं, पण ड्यूटीवर हे कुठे ठेवणार?" टेक्सासात रुग्णालयात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, दारावरच फलक आहे. 2011 च्या कायद्याने कर्मचाऱ्याला ते कुलूपबंद गाडीत ठेवता येते. म्हणजे पिस्तूल गाडीत, आणि भीती रुग्णालयाच्या दारापासून गाडीपर्यंतच्या वाटेची! गाड्या फोडून पिस्तुले चोरली जातात, ते आणखी वेगळे. भाची बराच वेळ गप्प होती. मग हसली. दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डातल्या चौघींना गोळा केले, त्यात एक फिलिपिनो, एक नायजेरियन. आता त्या एकदमच निघतात, पहारेकऱ्याला फोन करून गाडीपर्यंत बरोबर घेतात, आणि तिची गाडी पहिल्या मजल्यावर दिव्याखाली लागते. पिस्तूल घरच्या तिजोरीत आहे, जावई नसलेल्या चौदा रात्रींसाठी. ते घ्यायला नको होते असे आम्ही म्हणत नाही. आपा अजून म्हणतात.

रमजानआधी भाची मुलाला घेऊन खेडला येते आहे. तिला एकच निरोप धाडला आहे, आणि ज्यांची मुले तिकडे रेंजवर जातात त्यांनीही तो धाडावा. सरावाला जाताना वापरतेस ती पर्स, ती बॅग, ते जाकीट इकडे आणू नकोस. अस्तरात विसरलेले एक काडतूस विमानतळाच्या तपासणीत दिसले, तर आपल्याकडे शस्त्र कायद्याखाली चौकशी होते, गुन्हा दाखल होतो, आणि माहेरपण पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते. तिचे उत्तर आले आहे. नवी बॅग घेतली म्हणते, आणि मामूला काय आणू विचारते.