भाषेची अट हवीच, दिरंगाई नको

भारतात ऑक्युपेशनल थेरपीची पदवी चार वर्षांहून अधिक काळाची. जर्मनीत हेच शिक्षण बहुधा तीन वर्षांच्या व्यावसायिक शाळेत मिळतं. मग मुंबईत शिकलेल्या थेरपिस्टला तिथे पुन्हा पारखायचं कशाला? कारण पक्षाघात झालेल्या आजींना सदऱ्याची बाही आधी लुळ्या हातात चढवायला शिकवताना सूचना त्यांना कळायला हवी आणि त्यांची तक्रार थेरपिस्टला. म्हणून बी-२ पातळीच्या जर्मनची अट रास्तच आहे. अडचण पदवीला मान्यता देण्यातल्या दिरंगाईची आहे. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी छाननी कडक हवी, हे मान्य; पण अभ्यासक्रमात तफावत आढळली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, ही तरतूद जर्मन कायद्यातच आहे. तेव्हा तिथल्या राज्याराज्यांच्या प्राधिकरणांनी निकष सारखे ठेवावेत आणि निर्णय मुदतीत द्यावा. कुशल माणसाला कागदपत्रांत अडकवून ठेवण्यात रुग्णाचंही नुकसानच आहे.