ताटीची सावली

गतवर्षी मार्गशीर्षात आमच्या वडीगोद्रीच्या परसात माझी चांगलीच फजिती झाली. ती सांगण्यास संकोच वाटतो. तथापि या मासिकाच्या वाचक-भगिनींपैकी पुष्कळींच्या घरी चार वाफे असतीलच, म्हणून सांगतो.

परसातील अर्ध्या गुंठ्यात पाच फूट उंचीच्या वालाच्या दोन ताट्या आणि त्यांच्या लगत टोमॅटो, असा बेत होता. ताट्या कोणत्या दिशेने घालाव्यात, असे सौभाग्यवतींनी विचारले. मी मास्तरी थाटात उत्तरलो, "अग, सूर्य पूर्वेकडून पश्चिमेस जातो. रांगाही तशाच असाव्यात, म्हणजे ऊन दिवसभर रांगेवरून चालत जाईल." त्या एवढेच म्हणाल्या, "दुपारी सावली कोठे पडते, ते एकदा पाहता का?" मी पाहिले नाही. पौष उजाडला तेव्हा वाल हिरवागार होता, आणि ताटीच्या उत्तरेकडील टोमॅटोची रोपे उंच, फिकट व फुलांवाचून उभी होती. त्या हिवाळ्यात टोमॅटो बाजारातून विकत आणावे लागले. घरात त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, हेच मला अधिक लागले.

माझी चूक कोठे झाली? सूर्य पूर्वेस उगवून पश्चिमेस मावळतो खरा, पण तो नेहमी आपल्या डोक्यावरून जात नाही. आमचे गाव सुमारे साडेएकोणीस अक्षांशांवर आहे. डिसेंबरच्या 21-22 तारखेस येथे सूर्य अग्नेयेकडे उगवतो, पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे 25 अंश सरकून; आणि ऐन मध्यान्हीही क्षितिजापासून 47 अंशच वर येतो. त्या दिवशी पाच फूट ताटीची मध्यान्हीची सावली उत्तरेस जवळजवळ पावणेपाच फूट पडते. ताटी पूर्व-पश्चिम असेल तर सकाळी व सायंकाळी ती सावली याहूनही दूरवर जाते. म्हणजे ताटीलगतच्या साडेचार फूट पट्टीतील जमिनीस दिवसभर सरळ ऊन लागतच नाही. माझा टोमॅटो नेमका त्या पट्टीत होता! मार्चमधील विषुवदिनी हीच सावली दिवसभर पावणेदोन फुटांच्या आतच राहते, म्हणून उन्हाळ्यात पाहणाऱ्यास दोष दिसत नाही. घराच्या भिंतीलाही हाच न्याय लागू आहे. दहा फूट भिंतीच्या उत्तरेकडे हिवाळी वाफा करावयाचा, तर किमान साडेनऊ फूट दूर सरावे.

ताट्या दक्षिणोत्तर घातल्या म्हणजे सावली सकाळी पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस पडते, आणि मध्यान्ही रांगेच्या अंगावरच लांबते. दोन्ही बाजूंच्या वाफ्यांना अर्धा-अर्धा दिवस ऊन मिळते. मेथी, कोथिंबीर, मुळा अशा ठेंगण्या भाज्यांस दिशेचा फारसा प्रश्न नाही. एकच ताटी असेल तर ती वाफ्यांच्या उत्तर कडेस घालावी. मात्र जमिनीचा उतार आड आला आणि सूर्य व पाणी यांत वाद पडला, तर पाण्याचे ऐकावे. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळे कुजतात. मग कितीही ऊन मिळाले तरी उपयोग नाही.

खरी दक्षिणोत्तर काढण्यास कात्यायनाच्या शुल्बसूत्रातील रीत मला अजून सर्वांत गोड वाटते. सपाट जागी खुंट उभा रोवावा, त्याच्या उंचीएवढ्या दोरीने भोवती वर्तुळ काढावे, आणि सावलीचे टोक सकाळी व दुपारनंतर वर्तुळास जेथे स्पर्श करील तेथे खुणा कराव्यात. त्या जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिला काटकोनात दक्षिणोत्तर. एक सावधगिरी मात्र घ्यावी. डिसेंबरात आपल्याकडे या दोन खुणा फार जवळ येतात, मध्यान्हीच्या तासभर आधी आणि तासभर नंतर. तेव्हा दोरी खुंटाच्या दीडपट घ्यावी, म्हणजे रेषा बिनचूक येते. होकायंत्र असेल तर तेही चालेल. या भागात त्याची उत्तर व खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी अंतर आहे.

उन्हाळ्याचा विचार निराळा आहे. मेच्या मध्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेसच असतो, आणि मराठवाड्यात मे महिन्यात सावली हा शत्रू नसून सोयरा असतो. तिसऱ्या प्रहरचे पश्चिमेचे ऊन कोवळी पाने भाजून काढते. म्हणून परसाच्या पश्चिम कडेस शेवगा लावावा. हिवाळ्यात त्याच्या फांद्या छाटल्या म्हणजे आतील वाफ्यांचे ऊन अडत नाही.

यंदा भाद्रपदातच मी खुंट रोवला. रेषा ओढून झाल्यावर सौभाग्यवती आल्या, ताट्यांमधील अंतर आपल्या पावलांनी मोजले आणि म्हणाल्या, "या खेपेस टोमॅटो दोन्ही बाजूंना लावते."