पेनड्राइव्ह केवढा हवा?

जुन्या खेळांचा छोटा संगणक घरी आणला की पहिला प्रश्न पडतो तो पेनड्राइव्हचा. आणि आपण हटकून मोठ्यात मोठा उचलतो. मीही उचलला. पेडणे तालुक्यातल्या एका जत्रेच्या फेरीत, २ टेराबाइटचा, अवघ्या ३०० रुपयांना!

वास्तविक गरज केवढी? १९८२ साली निघालेल्या कमोडोर ६४ ची एक फ्लॉपी सुमारे १७० किलोबाइटची. २०१८ साली आलेल्या ‘द सी६४ मिनी’ला ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह लावला, तरी त्यावर अशा ४०,००० हून अधिक फ्लॉप्या मावतील. तेवढे खेळत बसलो तर पदवी कधी घेणार? शिवाय त्या यंत्राला फॅट३२ पद्धतीनेच फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह लागतो. ६४ गिगाबाइटचे व त्यापुढचे बहुधा एक्सफॅटमध्ये येतात.

माझ्या पेनड्राइव्हच्या पोटातली चिप लहानशीच होती. २ टेराबाइटचा आकडा केवळ पडद्यापुरता. खेळ नीट चालले, म्हणून विश्वासाने आजोबांच्या दशावताराच्या रात्रींचे चित्रण त्यावर ठेवले आणि मोबाइलमधून पुसले. चिप भरल्यावर पुढचे सारे हवेत गेले. आजोबांच्या संकासुराच्या फाइलचे नाव दिसते, उघडत मात्र नाही. आजोबा आता नाहीत.

माझे स्पष्ट मत असे की ८ किंवा १६ गिगाबाइटचाच घ्यावा, पावती देणाऱ्या दुकानातून घ्यावा, आणि ‘एचटूटेस्टडब्ल्यू’सारख्या मोफत प्रोग्रामने आधी काठोकाठ भरून परत वाचून पाहावा. डिचोलीचा माझा एक वर्गमित्र हेच करतो. त्याला मी भित्रा म्हणत असे.