चोरिझोला घाई मानवत नाही
मेक्सिकन चोरिझो हे सॉसेज घरी शिजवताना पहिली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे तो कच्चा असतो. स्पेनमधला चोरिझो बहुधा मुरवून वाळवलेला असल्याने त्याचे काप तसेच खाता येतात. मेक्सिकोतल्या तोलुका शहराची ओळख बनलेला ताजा चोरिझो म्हणजे मात्र डुकराचा खिमा, चरबी, सुक्या मिरच्या, लसूण, ओरेगानो आणि व्हिनेगर यांचे आवरणात भरलेले, न शिजवलेले मिश्रण. गोव्याच्या चोरिसातही मिरची आणि व्हिनेगर असते, पण ते वाळवून टिकवलेले असते. त्यावरून बांधलेला अंदाज इथे उपयोगाचा नाही.

म्हणूनच आवरण चिरून खिमा बाहेर काढावा आणि तेल न घालता मंद ते मध्यम आचेवर मोकळा करत परतावा. सुरुवातीला व्हिनेगरमुळे पाणी सुटते, ते आटले की चरबी वितळून लाल तवंग येतो आणि खिम्याच्या कडा कुरकुरीत होऊ लागतात. मोठ्या आचेवर वेळ वाचतो, असे कोणी म्हणेल. पण त्यात चरबी सुटण्याआधीच मिरची करपून कडू होते. रंगावरून शिजल्याची खात्री करणेही चूक, कारण मिरचीमुळे कच्चा खिमाही लालच दिसतो. आतले तापमान ७१ अंश सेल्सियस व्हायला हवे. चरबी जास्त सुटते, ही तक्रार रास्त आहे. मग जादा चरबी काढून ठेवा, पण फेकू नका. मिरचीचा रंग आणि स्वाद तिच्यातच उतरलेला असतो. मेक्सिकोत चोरिझोबरोबर बटाटे आणि अंडी परततात, तेही तिच्यासाठीच. तेव्हा आच कमी ठेवा आणि चोरिझोला त्याचा वेळ द्या.