निकाह चिपळूणचा, तलाक शारजाचा

चार वर्षांपूर्वी मावसबहिणीचा फोन आला. "भाईजान, खरं सांग, मी आता कोण? लग्न झालेली की तलाक झालेली?"

तिचा निकाह चिपळूणजवळच्या आमच्या गावी झाला, संसार शारजात. करोनाच्या काळात ती मुलीला घेऊन गावी आली आणि परत जाणे राहिले ते राहिलेच. एक दिवस व्हॉट्सॲपवर एका अरबी कागदाचा फोटो आला. नवऱ्याने तिथल्या कोर्टात तलाक नोंदवला होता. तिला ना नोटीस मिळाली, ना तिचे म्हणणे कुणी ऐकले. त्याने लगेच दुसरे लग्न केले. हिला स्थळ आले तेव्हा जमातीने विचारले, "इथला कागद कुठाय?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. एकाच माणसाची दोन डेटाबेसमध्ये दोन वेगळ्या नोंदी, असे आमच्या कामात नेहमी घडते आणि आम्ही ते दुरुस्त करून टाकतो. बहिणीची नोंद दुरुस्त व्हायला तीन वर्षे लागली.

असे का होते? आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ प्रमाणे परदेशी कोर्टाचा निकाल आपोआप मान्य होत नाही. ते कोर्ट अधिकार असलेले हवे, निकाल गुणवत्तेवर हवा आणि दुसऱ्या बाजूला बोलण्याची संधी मिळालेली हवी. १९९१ साली नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतील मिझुरी राज्यात नवऱ्याने घेतलेला घटस्फोट नाकारला तो याच कलमाच्या आधारे. ते जोडपे हिंदू होते. म्हणजे हा प्रश्न फक्त आपला नाही. पण कोकणातल्या किती मुस्लिम घरांचा चरितार्थ आखातावर चालतो हे पाहिले, तर आपण त्यावर सर्वांत आधी बोलायला हवे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. जानेवारी २०२० मध्ये भारत सरकारने यूएईला कलम ४४अ खाली मान्यता दिली. त्यामुळे तिथल्या कोर्टाचा पैसे वसुलीचा हुकूम आता इथल्या जिल्हा न्यायालयातून अमलात आणता येतो. दुबईच्या बँकेचे कर्ज समुद्र ओलांडून माणसाच्या मागे घरापर्यंत येते. बाईचा दर्जा मात्र मध्येच लटकतो.

काही मित्र म्हणतात, "तिकडे तर शरियत आहे, मग आपल्या माणसाला अडचण कसली?" शरियत एकच असती तर अडचण नसती. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, पलीकडच्या मोहल्ल्यातले हनफी. मुलाचा ताबा आईकडे कोणत्या वयापर्यंत, यावर या दोन मजहबांचेच एकमत नाही. यूएईमध्ये हे वय पूर्वी मुलासाठी ११ आणि मुलीसाठी १३ होते. एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने ते दोघांसाठी १८ केले. त्याच देशात फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी वेगळा दिवाणी कायदा आहे. त्यात दोघांपैकी कुणीही दोष सिद्ध न करता घटस्फोट मागू शकते आणि मुलांचा ताबा दोघांकडे सारखा असतो. एकाच इमारतीत समोरासमोर राहणाऱ्या चिपळूणच्या दोन बायकांना दोन कायदे! एका मुस्लिम देशाला काळ पाहून कायदा बदलता येतो, मग आपल्याकडे बदलाचा शब्द काढताच दीन धोक्यात कसा येतो?

बहिणीने शेवटी १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली इथल्या कोर्टात दावा लावला. दोन वर्षे खर्च न देणे हे त्यात कारण म्हणून स्पष्ट लिहिले आहे. समन्स शारजाला जाऊन परत येण्यातच कितीतरी तारखा गेल्या.

विधी आयोगाने २०२४ च्या २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वसमावेशक केंद्रीय कायदा सुचवला आहे. तो व्हावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही.

निकाह हा करारच आहे. मेहेर लिहितो तशा अटीही लिहिता येतात: नवरा परदेशी असताना खर्च किती आणि कसा पाठवेल, मुले कुठे राहतील. तलाक-ए-तफवीज, म्हणजे बायकोला तलाकचा अधिकार सोपवणे, आपल्या कोर्टांनी मान्य केले आहे. निकाहनंतर विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली नोंदणीही करता येते. मग एकतर्फी तलाक चालत नाही, दुसरे लग्न करता येत नाही आणि वारशात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. हे नको असेल तर निदान महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली लग्न नोंदवा आणि सगळ्या कागदांच्या प्रती मुलीच्या माहेरी ठेवा.

"आधीच अटी म्हणजे अविश्वास," असे खाला त्या वेळी म्हणाली होती. आता तीच शेजारणींना सांगते, "अगो, आधी कागद बघा."

मे महिन्यात आखातातली मुले सुट्टीवर येतील. पंधरा दिवसांत स्थळ बघणे, निकाह, वलीमा आणि परतीचे विमान. तुमच्या घरात असा निकाह ठरला असेल तर हॉल आणि बिर्याणीच्या आधी निकाहनामा काढा आणि मुलीला वाचायला द्या. सही तिची आहे.